राखणदाराचे प्राण सहा

हर्षद परबाला गप्प बसवणं त्याच्या आईलाही कधी जमलं नव्हतं, ते दीप्तीने जमवलं. मुलुंडला तिचं बोर्डगेम खेळायचं कॅफे आहे आणि तिची अट सरळ होती. "तुझा खेळ मी इथे ठेवीन. पण ज्यांनी तो कधी पाहिला नाही अशी दोन माणसं नुसतं नियमपुस्तक वाचून तो शेवटपर्यंत खेळली पाहिजेत. तू मधे एक शब्द बोललास, की खेळ उचलायचा आणि घरी जायचं."

आता हा खेळ म्हणजे हर्षदचा जीव की प्राण. कोकणातल्या गावाची वेस, दोन टोळ्या, मधे भुतंखेतं. अंगठ्याएवढ्या मूर्ती त्याने स्वतः रंगवलेल्या: मुंजा, हडळ, गिऱ्हा आणि वेशीवर उभा काठी-घोंगडीवाला राखणदार. घरात लग्नाचा विषय निघाला की हा ब्रश धुवायला उठायचा. पुस्तक मात्र या शहाण्याने परदेशी खेळांची पुस्तकं समोर ठेवून लिहिलं. प्रत्येक मूर्तीला चाल, वार आणि प्राण. 'राखणदार: प्राण सहा. सहा वार बसले की पटावरून काढावा. वेस मोकळी.'

रविवारी दुपारी भांडुपची जानकी आणि तिचा धाकटा भाऊ नितेश खेळायला बसले. हर्षद भिंतीला टेकून, ओठ मिटून उभा.

सुरुवात झकास झाली. जानकीच्या हडळीने नितेशचे गडी पटापट गिळले, त्याने चिडून फासे आपटले. मग दोन्ही टोळ्या वेशीपाशी आल्या आणि खेळ अडला.

"मार ना त्याला," जानकी म्हणाली. "वार करायचे, असं लिहिलंय."

"तू मार."

"मी कशाला? आई गावच्या वेशीवर चपला काढून हात जोडते, आणि मी त्याच्यावर वार करू?"

दोघंही ढिम्म. पुस्तक उलटंसुलटं चाळून झालं, दुसरी वाट कुठेच नव्हती. वाट लागली, हर्षद मनात म्हणाला. अरे, खेळातला आहे तो, मारा की, असं त्याच्या अगदी जिभेवर आलं होतं. दीप्तीने नुसतं पाहिलं. त्याने गिळलं.

"गाऱ्हाणं घालू नये असं तर कुठे लिहिलं नाहीये," नितेश म्हणाला आणि हात जोडून थेट वडिलांच्या आवाजात सुरू झाला. "बा राखणदारा म्हाराजा, माझी पोरां दमली आसत. त्येंका सांभाळून पलीकडे ने रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," गावी गाऱ्हाण्याला सगळे देतात तसा होकार जानकीने सवयीने दिला.

आणि तिने जीभ चावली. पण गाऱ्हाण्याला होकार दिला म्हणजे दिला, तो परत घेता येत नाही. नितेशने खुशाल सगळी टोळी वेशीपलीकडे नेली.

"थांब मेल्या," म्हणत तिनेही हात जोडले. "बा राखणदारा म्हाराजा, ह्या लबाडाक सोडलंस, तशी माझी माणसांय सोड रे म्हाराजा!"

नितेशने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. तो काही हूं की चूं करेना. ती बिचारी वाट बघत राहिली.

"व्हय म्हाराजा."

आवाज भिंतीकडून आला होता. हर्षद भिंतीला आणखीच चिकटला.

"बोललास," दीप्ती म्हणाली.

"ए, तो होकार धरायचा," जानकी म्हणाली. तिने आपली माणसं पलीकडे सरकवलीसुद्धा. नितेश चीटिंग, चीटिंग म्हणून भांडायला लागला. दोघांना हर्षदच्या जिवाचं काही पडलेलं नव्हतं.

दीप्तीने त्याला बाजूला घेतलं. "खरं सांग. घरी एकटा खेळतोस तेव्हा त्या राखणदाराला कितीदा मारलंस?"

हर्षदने आठवून पाहिलं. तो लाजला.

"एकदाही नाही गं. मी नारळ ठेवून पुढे जायचो."

"मग ते लिहायला काय झालं होतं?" तिने पुस्तक त्याच्या हातात कोंबलं. "हे घरी ने आणि नीट लिहून आण. खेळ इथेच राहू दे, त्यांचा डाव चालू आहे."