रिमोटच्या शेजारची किल्ली

मित्रांनो, दात झिजले तरी मी अजून कामाची आहे. भोरच्या जहांगीरभाईंच्या भाड्याच्या गाडीची मी जुनी किल्ली. दारं मी उघडली, इंजिन मी जागं केलं. गाडी थांबली की जहांगीरभाई मला सदऱ्याला पुसून खिशात ठेवत.

दोन हजार चार साली माझ्याच कडीत रिमोट आला. काळा, गुळगुळीत. बटण दाबलं की गाडी 'कुंई' करायची अन् चारी दारांची कुलपं एकदम उघडायची. पोरं टाळ्या पिटायची. इंजिन अजून मीच चालू करायचे, पण त्याला टाळी कोण देणार? मी जळले, मित्रांनो. घाटाच्या वळणावळणाला मुद्दाम त्याच्यावर आदळले. त्याच्या काळ्या अंगावर माझ्या दातांचे ओरखडे उठले.

दोन वर्षांनी त्याची ताकद सरली. अगदी जवळ जाऊन तीन-तीनदा दाबावं लागे. जहांगीरभाईंच्या बायकोनं, मासूमाभाभींनी, नवा सेल आणून गाडीच्या खणात ठेवला.

"अहो, बदला की आता!"

"चालतंय की अजून," जहांगीरभाई म्हणत.

अन् मी मनात म्हणे, बंदच पडू दे मेला.

एका सकाळी हिर्डोशीत तो बंद पडलाच. तिथल्या म्हाताऱ्या साळूबाईंना मोतीबिंदूच्या ऑपरेशनला भोरला न्यायचं होतं. दहाच्या आत पोचलं नाही तर नंबर जाणार, अन् डॉक्टर पुन्हा येणार सहा महिन्यांनी. बटण दाबून दाबून अंगठा दुखला, तेव्हा जहांगीरभाईंनी मला दारात घातलं. मी तोऱ्यात फिरले. दार उघडलं, आणि गाडी किंचाळली! रिमोटनं बंद केलेली गाडी किल्लीनं उघडली, की तिला चोर आल्यासारखं वाटतं. भोंगा थांबेना, इंजिन हलेना. जन्मभर उघडलेल्या दारानं मला चोर ठरवलं.

"जहांगीरा, कुनाची पळवून आणलीस रं?" साळूबाईंनी विचारलं.

"माजीच हाय मावशी! तिलाच पटंना!"

खणातला सेल निघाला. रिमोट उघडायला माझंच टोक त्याच्या फटीत घातलं. मी जरा निसटले असते तर तो फुटलाच असता. पण आत दिसली नखाएवढी सर्किटची चकती अन् एक थकलेला सेल. एवढ्याशा जिवावर हा दोन वर्षं हाका देत होता! मी अंग चोरून घेतलं.

नवा सेल बसवला, तरी गाडी गप्प होईना.

"जुना कसा बसला व्हता, बगितलंस का?"

"न्हाई मावशी, घाईत काडला."

"मग उलटा करून घाल. ब्याटरीचे सेल म्या असंच उलटंपालटं करून घालते. मला दिसतंय कुटं!"

कुंई! भोंगा थांबला. मग मी फिरले, इंजिन जागं झालं. पाच मिनिटं राखून आम्ही पोचलो.

दुसऱ्या दिवशी डोळ्यावरची पट्टी निघाल्यावर परतताना साळूबाई डोळे बारीक करून आमच्या कडीकडे बघत राहिल्या.

"जहांगीरा, ह्या काळ्याला कुनी बोचकारलंय रं येवडं?"

मित्रांनो, सेल वेळेवर बदला. महिन्यातून एकदा जुन्या किल्लीलाही दारात फिरवा. तिलाही बरं वाटतं. कौतुक आजही त्याचंच होतं, अन् मला ते आजही लागतं. वळणावर मी त्याच्यावर आदळतेही. फक्त आता आदळण्याआधी दातांची बाजू वळवून घेते.