हळदीचा छोटा कारखाना

नूरीनच्या टेबलावरच्या छोट्या आगगाडीसाठी भावानं दुबईहून बिअरच्या कारखान्याचा प्लास्टिकचा संच पाठवला. तिनं त्याचा हळदीचा कारखाना करायचं ठरवलं, कारण अब्बांनी सांगलीत तीस वर्षं हळद पॉलिश केली होती. पक्षाघातानंतर ते कशातच लक्ष घालत नव्हते.

तिनं बिअरच्या टाक्या काढून पुठ्ठ्याचे पॉलिशचे ड्रम चिकटवले, मालधक्क्यावर कापडाची इवली पोती रचली.

खाटेवरून बघणारे अब्बा अडखळत म्हणाले, "ड्रम धक्क्याजवळ नसत्यात. लय धूळ उडती."

नूरीननं ड्रम उचकटून एक त्यांच्या डाव्या हातात दिला. "मग कुठं, अब्बा? तुमी दावा."

संध्याकाळपर्यंत दोघांनी निम्मा कारखाना नव्यानं मांडला. जेवताना अब्बांनी विचारलं, "पोत्यांवर शिक्का न्हाई मारलास?"