डाव्या हाताची कात्री

मी कात्री बोलतेय. शिंप्याच्या दुकानातली नव्हे, गणवेश शिवायच्या कारखान्यातली. माझ्या तोंडी लागायचं तर जरा जपून.

माझा जन्म भट्टीत झाला आणि भांडणातून झाला. माझी बाई डावखुरी. लोहाराने सवयीने उजव्या हाताची कात्री घडवली आणि म्हणाला, "सगळ्यांना हीच चालते." बाई म्हणाली, "मग सगळ्यांना वीक. मला माझ्या हाताची हवी." त्याने कुरकुरत पाती उलटी बसवली, ती मी.

कारखान्यात सगळे तिला मावशी म्हणत. बेतायचं आणि कापायचं काम तिचं एकटीचं. तिथली रीत अशी, की कापणाऱ्याची कात्री त्याची स्वतःची असते आणि दुसरं कुणी तिला हात लावत नाही. इतक्या वर्षांत मला मावशीशिवाय कुणी उचललं नाही. याचा मला गर्व होता, आणि का नसावा?

मग मावशीला जिना चढताना धाप लागू लागली. एक दिवस कापडाचं थान उलगडतानाच ती खाली बसली. हृदयाची झडप निकामी झालीय, डॉक्टर म्हणाले. ऑपरेशन लवकर व्हायला हवं आणि पैसे आधी भरायला हवेत.

काज करणारी बाई वर्गणी काढू का विचारायला मालकाकडे गेली. तिला सगळे काजवाली म्हणतात, तोंड माझ्यासारखंच. मालक म्हणाला, "माझ्या कारखान्यात वर्गणी नको. आज हिची, उद्या आणखी कुणाची."

"बरं, वर्गणी नको. सुट्टीच्या दिवशी पिशव्या शिवून विकतो."

"मशिनी माझ्या, वीज माझी."

"सुई आमची," काजवाली म्हणाली आणि बाहेर पडली.

सुट्टीच्या दिवशी कारखान्याच्या फाटकाबाहेर, फूटपाथवर, सगळी माणसं पथारी टाकून बसली. घरून कुणी जुने पडदे आणले, कुणी चादरी. बाकीच्यांकडे धागे तोडायच्या बोटभर कात्र्या, त्यांनी पडदा कापायला जन्म गेला असता. म्हणून मावशीच्या लेकीने मला आणून दिलं.

इस्त्रीवाल्या काकांनी मला उचललं, उजव्या हातात. पडदा माझ्या पात्यांत दुमडून अडकला. पुन्हा लावलं, पुन्हा तेच.

"धार गेलीय हिची," काका म्हणाले.

धार गेली म्हणे! अंगाचा तिळपापड झाला माझा. धारवाल्याकडे नेलं, तर तो पोट धरून हसला. "धार शाबूत आहे. कात्रीच डाव्या हाताची आहे. दहा वर्षं मावशीच्या शेजारी बसता आणि एवढं ठाऊक नाही?" मग हळूच म्हणाला, "विकता का? अशी सहसा मिळत नाही. चांगले पैसे देईन."

सगळे एकमेकांकडे पाहू लागले. पैसे खरंच चांगले होते. लेक दवाखान्यात जाऊन विचारून आली. "आई म्हणते, देऊन टाका. जीव राहिला तर बघू."

मी त्याच्या फळीवर पडून होते. कुणाच्या दयेवर पडायची मला सवय नाही. पण खरं सांगते, तिचा जीव माझ्या लोखंडातून येणार असता, तर मी ओरडा केला नसता.

काजवालीने मला झटकन उचललं. "आईला सांग, कात्री विकली तर बरी होऊन आल्यावर कापड काय दातांनी फाडणार? आणि तिला म्हणावं, मरायची घाई करू नकोस, आम्ही अजून बसलोय."

फूटपाथवर येऊन तिने मला डाव्या हातात धरलं. हात तिचा कच्चा. रेघ वाकडी गेली, अंगठा सोलला. काका म्हणाले, "जमणार नाही गं." ती म्हणाली, "तुम्ही कापड ताणून धरा आणि गप्प बसा." मी आजवर परक्या हाताला वळले नव्हते. त्या दिवशी वळले. माझ्या मर्जीने वळले, हे लक्षात ठेवा.

पिशव्या वाकड्या झाल्या. एका गिऱ्हाइकाने नाक मुरडलं. "सरळ हवी तर दुकानात जा," काजवाली म्हणाली. "ही एका बाईच्या ऑपरेशनसाठी आहे आणि वाकडीच आहे." त्याने तीन घेतल्या.

दर सुट्टीला बसले सगळे. एकदा मालक आला. "माझ्या दारात हे काय?"

"दार तुमचं. फूटपाथ नाही."

त्याने एक पिशवी उचलून उलटसुलट पाहिली. "केवढ्याला पिशवी?"

"तुम्हाला दुप्पट."

त्याने दुप्पट मोजले. तो जाताना काजवाली म्हणाली, "उद्या तुमच्यावर वेळ आली, तर तुमच्यासाठीही शिवू." हे ती खरंच करेल. म्हणून तर त्याला जास्त लागलं.

पैसे जमले, ऑपरेशन झालं. मावशी परत आली, अर्ध्या दिवसाच्या कामावर. काजवालीने वाकडी कापलेली एक पिशवी तिने हातात घेतली आणि म्हणाली, "शिव्या देऊ की आभार मानू, कळत नाही."

"शिव्याच दे. त्या खऱ्या असतात."

आता सकाळी मी मावशीच्या हातात असते, दुपारी काजवालीच्या. मालकाने विजेवर चालणारं कापायचं यंत्र मागवलंय. येऊ दे. कोपऱ्यात टाकाल तिथे मी धार राखून पडेन.

तुमच्याकडे एवढंच मागते. मावशीसारखं कुणी तुमच्याही शेजारी खाली बसेल, तेव्हा लांबून हळहळू नका. कापडाचं एक टोक धरा आणि ताणून धरा. सैल कापड मला कापता येत नाही.