पाण्यातले आजोबा

डोळे मिटा बघू जरा. समोर एक मोठ्ठं तळं आहे असं समजा. इतकं मोठं, की पलीकडचा काठ दिसतो, पण काठावरचं माणूस काही दिसत नाही. पाण्यावर बारीक लाटा आहेत, वारा कानात शिरतोय, आणि लाकडी धक्क्याला एक पांढरी मोटारहोडी बांधून ठेवली आहे. दिसली? आता त्या होडीत एक मुलगी बसवा. केशरी फुगीर जाकीट तिच्या हनुवटीपर्यंत आलंय. घरात तिला सगळे भिंगरी म्हणतात, कारण ती एका जागी ठरेल तर शपथ! आज मात्र ती अगदी गप्प बसली आहे. आज तिच्या बाबांची परीक्षा आहे.

हो तर, बाबांचीसुद्धा परीक्षा असते.

भिंगरीचे बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. त्यासाठीच आई, बाबा आणि भिंगरी अशी तिघं आपली माणसं सोडून या परक्या देशात आली होती. रविवारी बाबांना सुट्टी असे, पण फोनला कुठली सुट्टी? ताट वाढलं की फोन. पत्ते पिसले की फोन. बाबांना कुणाला नाही म्हणवत नसे. "आलोच पाच मिनिटांत," म्हणून जायचे, ते भिंगरी झोपल्यावर यायचे.

एकदा तिघं तळ्यावर मोठ्या लाँचमधून फेरी मारायला गेली. काठ मागे पडला तसा बाबांचा फोन मुका झाला. बाबांनी तो हलवून पाहिला, कानाला लावून पाहिला आणि मग लहान मुलासारखे हसले.

"भिंगरे, इथं लिफ्टही नाही आणि रेंजही नाही! दर रविवारी इथंच येऊ या का गं?"

धक्क्यावर लहान होड्या भाड्यानं मिळत, पण ज्याच्याकडे होडी चालवायचं लायसन असेल त्यालाच. मग काय, बाबांनी जाडजूड पुस्तक आणलं. ते होतं तिथल्या भाषेत. बाबांची गाडी तिसऱ्या ओळीत अडायची. भिंगरी तिथल्याच शाळेत जायची, म्हणून प्रश्न ती वाचायची आणि उत्तरं बाबा द्यायचे.

त्या दिवसांत घराचं पार तळं होऊन गेलं. समोरासमोर दोन होड्या आल्या तर दोघींनी आपापल्या उजवीकडे वळायचं, असा नियम आहे. म्हणून बाबा आणि भिंगरी बोळातून "भुर्रर्र" करत समोरासमोर यायचे आणि उजवीकडे वळायचे. एकजण हमखास चपलांच्या मांडणीवर आदळायचा.

"माझ्या परकराची नाडी कुणी घेतली?" आई आतून ओरडायची.

"खुर्चीच्या पायाला बांधलीय," बाबा म्हणायचे. "होडी बांधायची गाठ छान बसलीय, फक्त सुटत नाहीये!"

सगळ्यात महत्त्वाचा धडा होता तो माणूस पाण्यात पडल्याचा. बाबा पलंगावर बसून होडी चालवायचे आणि आई उशी खाली टाकून म्हणायची, "गेला, गेला, पडला बिचारा!" होडी वळवताना चालवणाऱ्याची नजर हटते. म्हणून दुसऱ्यानं हात लांब करून पडलेल्याकडे बोट दाखवत राहायचं. हात खाली करायचा नाही, नजर काढायची नाही. हे काम भिंगरीचं. उशीकडे तिनं कितीदा तरी झकास बोट दाखवलं होतं.

तर आज तो दिवस आला होता. थंडी तोंडावर आली होती. मग तळ्यावरचा सगळा कारभार बंद, आणि पुढची परीक्षा थेट उन्हाळ्यात. आईला धक्क्यावरच मळमळायला लागलं होतं. "तुम्ही व्हा पुढे, मी इथूनच देवाचं नाव घेते," म्हणून ती बाकावर बसली. परीक्षा घेणाऱ्या बाई उंच, पांढऱ्या केसांच्या होत्या. त्या तिथल्या भाषेत बोलायच्या, पण आपण ते मराठीतच ऐकू.

"मदतनीस ही?" त्यांनी भिंगरीकडे पाहिलं.

"हो. दिसते छोटी, पण नजर घारीची आहे," बाबा म्हणाले.

दोरी सोडणं झालं. सरळ जाणं, वळणं, थांबणं, सगळं नीट झालं. मग बाईंनी होडीतल्या बाकाखालून काहीतरी ओढून काढलं आणि धप्पकन पाण्यात टाकलं.

"माणूस पाण्यात!"

भिंगरीनं झटकन हात लांब केला. आणि पाहते तर काय! ती उशी नव्हती. तो एक बाहुला होता, चांगला माणसाएवढा. अंगात जुना कोट, डोक्यावर हनुवटीखाली बांधलेली टोपी, आणि रंगवलेल्या चेहऱ्यावर पांढऱ्या मिशा. अगदी कुणाचे तरी आजोबा!

भिंगरीचा हात हळूहळू खाली आला.

"कुठे आहे?" बाबांनी होडी वळवत विचारलं.

"तिकडे," ती पुटपुटली. इंजिनाच्या आवाजात ते कुणाला ऐकू जाणार? बाबांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. लाटांमागे आजोबा दिसेनासे झाले. होडी भलतीकडेच गेली. शेवटी बाईंनीच दिशा दाखवली आणि आजोबांना वर घेतलं.

"असा उशीर झाला तर माणूस हाती लागत नाही," त्या म्हणाल्या. "आणखी एक संधी देते. शेवटची."

भिंगरीनं दोन्ही हात जाकिटाखाली लपवले. बाबांनी इंजिन बंद केलं आणि तिच्यासमोर उकिडवे बसले.

"काय झालं गं बाळा? घाबरलीस?"

"नाही." तिनं नाक ओढलं. "आजी म्हणते, माणसाकडे बोट दाखवू नये. मोठ्या माणसाकडे तर मुळीच नाही."

बाबा हसले नाहीत बरं का.

"आजीचं बरोबर आहे," ते म्हणाले. "कुणाला हसायला, कुणाची चूक दाखवायला बोट उगारायचं नाही. पण हे आजोबा पाण्यात एकटे आहेत. आपल्याला कुणी पाहतंय की नाही, हे त्यांना कसं कळणार? तुझा हात दिसला की कळणार. माझी पाठ त्यांच्याकडे असेल, पण तुझं बोट त्यांच्याकडे असेल. मग मी बरोबर पोचेन."

"त्यांना राग नाही येणार?"

"आलाच तर आपण समजूत काढू."

धप्प! आजोबा पुन्हा पाण्यात.

भिंगरीनं हात लांब केला. होडी वळली, तशी तीही वळत राहिली, पण बोट आजोबांवरच. तोंडावर पाणी उडालं, तिनं पुसलं नाही. हात भरून आला, तेव्हा तिनं दुसऱ्या हातानं त्याला आधार दिला. बाबा एकदा तिच्या बोटाकडे पाहत होते, एकदा पुढे. वाऱ्याला तोंड देत होडी हळूहळू जवळ गेली, इंजिन थांबलं, आणि बाबांनी आजोबांना काखेत धरून अलगद वर ओढलं.

बाईंनी बाबांशी हात मिळवला. "पास," त्या म्हणाल्या. "दोघंही."

बाबांनी लांब धक्क्यावरच्या आईला दोन्ही हात हलवून दाखवले. आई बाकावरून उठून टाळ्या वाजवू लागली.

आणि भिंगरी? ती निथळणाऱ्या आजोबांच्या शेजारी जाऊन बसली. त्यांची वाकडी झालेली टोपी तिनं सरळ केली, आपल्या रुमालानं त्यांच्या मिशा पुसल्या, आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं त्यांच्या कानाशी म्हणाली, "बोट दाखवलं, रागावू नका हं."

मग घरी पोचेपर्यंत तिनं त्यांचा हात सोडलाच नसता, पण धक्का आला आणि आजोबांना पुन्हा बाकाखाली जावं लागलं. तेव्हा भिंगरीनं आपला रुमाल त्यांच्या कोटाच्या खिशात नीट घडी करून ठेवला.