किरणच्या वाट्याचा गहू

शनिवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी कुंदाबाईंनी गव्हाची दुसरी पुरचुंडी सोडली, दाणे तळहातावर घेतले आणि परत ठेवले.

"हाऊ गहू आपला नही शे," त्या म्हणाल्या.

मित्रांनो, मी एक जुना काचेचा बुधला आहे. माझ्यात वीस लिटर मावतं. साक्रीच्या एका बॅटरीच्या दुकानात मी पंधरा वर्षं शुद्ध पाणी सांभाळलं. दुकानदाराने माझ्या अंगावर दर लिटरला एक रेघ कोरली होती. माझ्यातलं पाणी घातलं की बॅटरी जास्त टिकते, असं गिऱ्हाईक म्हणत. मग प्लास्टिकचे कॅन आले आणि मी भंगारात गेलो. तिथून योगराजने मला जळगावला, मेहरूण भागातल्या आपल्या घरी आणलं. कुंदाबाई त्याची आई, रूपा त्याची बायको.

योगराज घरी बिअर बनवतो. इंग्रजी धाटणीची, काळी. रूपा तिला 'करपलेला चहा' म्हणते. काळा रंग येतो तो थोड्याशा भाजलेल्या जवातून. पण गोडी आणि दाटपणा देतो तो मूळ माल्ट, म्हणजे मोड आणून हलक्या आचेवर वाळवलेला जव. विलायती माल्ट मिळाला नाही की योगराज देशी घ्यायचा, आणि चव कडवट होऊ नये म्हणून भाजलेला जव थोडा कमी करायचा. बदलीच्या मालावर त्याचं नीट चाललं होतं. आषाढात मात्र पार्सल सव्वा किलो कमी आलं. गव्हालाही मोड आणता येतात, हे त्याला ठाऊक होतं.

घरात गहू होता. श्रावणात बसणाऱ्या खानदेशच्या कानबाई देवीच्या रोटासाठी, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांसाठी, या घरात प्रत्येक पुरुषाच्या नावाने शेतातला सव्वा किलो गहू बांधून ठेवतात. त्याचे रोट घरच्यांनीच खायचे आणि पौर्णिमेपर्यंत संपवायचे. ज्याचा गहू बांधला नाही, तो या घरापुरता मेला. एक पुरचुंडी योगराजची होती. दुसरी त्याच्या धाकट्या भावाची, किरणची. तो तीन वर्षांपूर्वी सुरतेला कामाला म्हणून निघाला. पोचल्याचा फोन आलाच नाही. आई मात्र दर वर्षी त्याचा गहू बांधत राहिली.

खाणारा नाही, मग गहू पडून कशाला, असं योगराजला वाटलं. त्याने किरणचा गहू भिजवला, मोड आणले, वाळवला आणि बिअरला वापरला. पुरचुंडीत दुकानातला गहू भरला. तयार झालेलं सगळं काळं पाणी माझ्यात होतं.

"माय, गहू तो गहू. तो बिअरला घेतला, बदली टाकलाय ना," योगराज म्हणाला.

"मंग भाऊबी दुकानमाईन बदली लई ये."

रूपाला हसू आलं. कुंदाबाईंनी माझ्या गळ्याला लाल दोरा बांधला.

"याले कोनी तोंड लावानं नही. किरणना वाटा शे हाऊ."

त्या वेळी पातळी अठराच्या रेघेवर होती. आंबणं संपून, बुडबुडे थांबून चार दिवस झाले होते. रविवारी कानबाई बसली, एकट्या योगराजच्या गव्हाचे रोट झाले. त्याच सकाळी माझी पातळी सोळावर होती.

योगराजने बूच तपासलं. घट्ट होतं. फरशी कोरडी. तडा नाही. मला काट्यावर ठेवलं, तर वजन दोन किलोने कमी. सोमवारी चौदा. मंगळवारी बारा. मित्रांनो, मी जे अनुभवलं तेवढंच सांगतो. माझ्या तोंडातून थेंबही बाहेर गेला नाही. पहाटे आतून काच कोमट व्हायची, कोणी ओठ टेकल्यासारखी, आणि ओठ सुटले की पातळी उतरलेली असायची.

बुधवारी दहाची रेघ पाहून योगराजने भावाचा फोटो खिशात घातला आणि सुरतेची गाडी धरली. तीन वर्षांत तो एकदाही गेला नव्हता.

मित्रांनो, आम्हा वस्तूंची एकच विनंती आहे. जो माणूस समोर नाही, त्याच्या नावाने ठेवलेलं जपा. ते पडून आहे असं समजू नका.

आज रविवार. सकाळी आठ वाजून वीस मिनिटांनी योगराजचा फोन आला. रूपाने आवाज मोठा केला.

"माय, एका गोदामाच्या चौकीदाराने फोटो ओळखला. म्हणतो, वर्षभर इथेच झोपतो हा. साधा माणूस, दारूला कधी शिवला नाही. पण गेल्या रविवारपासून रोज सकाळी पिऊन पडलेला असतो. बाटली कुठंच सापडत नाही."

"आनि आज?" कुंदाबाईंनी विचारलं.

"आज अजून दिसला नाही."

आज पहाटेही काच कोमट झाली होती. माझ्यात आता एका पहाटेपुरतं, दोन लिटर, उरलं आहे. पौर्णिमा उद्या आहे.