एकाच नावाचं वकीलपत्र

सांगलीहून पहाटे पाचला गाडी निघाली, तेव्हा तात्यासाहेब मगदूमांच्या घशातून धड आवाज फुटत नव्हता. आठवडाभरात एकवीस सभा झाल्या होत्या. कानपूर, झाशी, नागपूर आणि काल सांगली. वर्षापूर्वी ते पक्षाचे अखिल भारतीय सरचिटणीस झाले आणि तेव्हापासून स्वतःच्या अंथरुणावर सलग चार दिवस पाठ टेकायला मिळाली नव्हती. खरं सांगायचं तर त्यांच्या पाठीची चौकशी करणारं पक्षात कुणी नव्हतं. जो तो पुढची तारीख विचारी.

आजची तारीख मात्र कोर्टाची होती. साताऱ्याचं सेशन कोर्ट, सकाळी अकरा.

"हंबीरराव, अकराच्या आत पोचू ना?" त्यांनी ड्रायव्हरला विचारलं.

हंबीरराव लढाईत मिलिटरीचे ट्रक हाकून आलेला गडी. "वाटंत कुनी आडवलं न्हाई तर धालाच कोर्टाच्या दारात सोडतो, सायेब," तो म्हणाला. "पर आडिवनार. आपलीच मानसं हायती."

एके काळी हा माणूस फक्त मगदूम वकील होता. सांगलीच्या बाजारपेठेत वरच्या मजल्यावर एक खोली, खाली गुळाची अडत. बांधाचे तंटे, बैलचोऱ्या, भाऊबंदकीची मारामारी. पक्षकाराच्या बैलांची नावं त्यांना तोंडपाठ असत, आणि कोण कुणाचा मेव्हणा हे तर विचारावंच लागत नसे. मग बेचाळीस साल आलं, येरवड्याची कोठडी आली, सुटल्यावर पक्ष आला. आता दिल्लीत खोली होती आणि बैलांची नावं कुणी सांगत नव्हतं. काळा कोट वर्षातून एकदाही ट्रंकेबाहेर निघत नसे. आज तो निघाला होता तो आकारामसाठी.

आकाराम कोरेगावच्या अलीकडच्या वाघजाईवाडीचा. सरकारनं गावोगावची ज्वारी सक्तीच्या लेव्हीत उचलली आणि गोदामात कोंडली, त्यावरून पक्षानं गेल्या वर्षी रान उठवलं होतं. रान उठवणाऱ्यांत मोठा आवाज तात्यासाहेबांचा. एका रात्री वाघजाईवाडीजवळचं गोदाम पेटलं आणि आकाराम धरला गेला. साक्षीदार एकच, गोदामाचा पहारेकरी. त्यानं म्हणे शंभर पावलांवरून आकारामला ओळखलं. रात्र अवसेची होती. तात्यासाहेबांनी उलटतपासाचे चार प्रश्न कागदावर काढून ठेवले होते. ते चार प्रश्न विचारले की पहारेकरी टिकणार नव्हता, आणि पहारेकरी गेला की खटल्यात काही उरत नव्हतं.

पण दोन तारखा साहेबांपायीच गेल्या होत्या. एकदा कानपूरचं अधिवेशन, एकदा पाटण्याची बैठक. जज्जांनी बजावलं होतं, तिसऱ्यांदा तारीख मिळणार नाही.

त्यांचा ज्युनिअर जिनदत्त हुशार होता, साताऱ्यात हजर होता. पण वकीलपत्रावर त्याचं नाव नव्हतं. तुरुंगात सही घ्यायला गेले तेव्हा जिनदत्तानं दोघांची नावं घातली होती. आकारामनं अंगठा मागं घेतला. "एका देवाला नवस बोलल्यावर दुसऱ्याच्या पायरीवर नारळ फोडत न्हाईत, सायेब. तुमचं एकट्याचंच नाव घाला."

खरं तर त्याच वेळी सांगायला हवं होतं, की बाबा रे, देवाला बैठकीसाठी दिल्लीला जावं लागत नाही. तात्यासाहेब ते बोलले नाहीत. त्यांना गोड वाटलं होतं. जिनदत्तानं मुकाट्यानं आपल्या नावावर काट मारली.

विट्यात हार पडले, पुसेसावळीत चहा झाला. साडेनऊच्या सुमारास वाघजाईवाडीच्या वेशीत गाडी आली, तर रस्त्यावर केळीचे खुंट रोवून कमान उभारलेली, हलगी कडाडतेय आणि सारं गाव आडवं उभं. गावचे कारभारी लालासाहेब फेट्याचा शेमला सावरत पुढं झाले.

"आवं सायेब, आमच्याच पोराच्या कामाला चाललाय, आन् आमच्याच वेशीवरनं तसंच जाताय व्हय? गावाला कमीपना न्हाई का?"

"लालासाहेब, तारीख अकराची आहे. येताना थांबतो."

"तुमी आल्याबिगर कोर्ट चालतंय व्हय? एवढा दिल्लीचा मानूस! जज्ज बी खुर्ची धरून थांबंल."

लोक हसले. त्यांचा त्यावर खरंच विश्वास होता. ज्याच्यापुढं हजारो माणसं खाली बसतात, त्याच्यासाठी एक जज्ज थांबणार नाही, हे त्या गावात कुणाला पटलं नसतं.

एक वाळकी म्हातारी आरतीचं ताट घेऊन गाडीच्या दाराशी आली. तिनं त्यांच्या कपाळाला कुंकू लावलं. "सायेब, खाली उतरू नगा," ती हळूच म्हणाली. "तुमी निगा. कोर्टाची येळ हाय."

"ए म्हातारे, ओवाळ आन् बाजूला हो," लालासाहेब खेकसले. ती ताट घेऊन मागं सरली.

तात्यासाहेबांनी तिचं बोलणं स्पष्ट ऐकलं होतं. दहा मिनिटांनी काय होतंय, असं त्यांच्या मनात आलं, आणि हंबीररावानं वळून बघेपर्यंत ते खाली उतरलेही होते. वकिलाला नाही म्हणता येतं, तो त्याचा धंदाच. पुढाऱ्याची ती सवय मोडते. स्वागताचं पद झालं, तीन जण बोलले, मग साहेब उठले. आणि गंमत अशी की पहाटेपासून बसलेला घसा सुटला. लोक टाळ्या देत होते आणि तेवढा वेळ ते मुळीच थकलेले नव्हते. गाडी पुन्हा सुरू झाली तेव्हा अकराला पाच मिनिटं कमी होती. पुढं कोरेगावातही एक कमान होती.

सव्वाबाराला ते कोर्टाच्या पायऱ्या चढले. वरातीमागून घोडं. जिनदत्त पायरीवरच बसला होता.

"पहारेकऱ्याची साक्ष झाली," तो म्हणाला. "उलटतपास नाही, असं लिहून त्याला सोडून दिलं."

"तू का उठला नाहीस?"

"उठलो, तात्यासाहेब. जज्जांनी आकारामला दोनदा विचारलं, हे वकील तुला चालतील का. तो म्हणाला, न्हाई, सायेब येत्यात."

तात्यासाहेबांनी साक्षीदाराला परत बोलावण्याचा अर्ज दिला. जज्जांनी त्यांच्या कपाळाचं कुंकू आणि काळ्या कॉलरवरचा गुलाल पाहिला, आणि अर्ज नामंजूर केला. मग तात्यासाहेब तासभर बोलले. बोलणं चांगलंच होतं, पण पुरावा साक्षीत यावा लागतो, भाषणात येऊन भागत नाही. पाचच्या सुमाराला निकाल झाला. सात वर्षं सक्तमजुरी.

व्हरांड्यात शिपायानं आकारामला बेडी घातली. तात्यासाहेब जवळ गेले. काय बोलायचं ते ठरलं नव्हतं. लाज वाटत होती. बोलला आकारामच.

"सायेब, गावात थांबला हुता म्हनं?"

"थांबलो होतो."

त्याचा चेहरा खुलला. "मानूस किती हुतं?"

"हजारेक असेल."

"लय झालं! आन् ओवाळलं कुनी? मी आयला सांगावा धाडला हुता, सायेब आलं की पैलं तूच ओवाळायचं."

तात्यासाहेबांना कुंकू लावणारा वाळका हात आठवला. एके काळी त्यांना बैलांची नावं ठाऊक असत, आज पक्षकाराची आई ओळखली नव्हती.

"तिनंच ओवाळलं," ते म्हणाले. "आकाराम, ती मला म्हणाली होती, उतरू नका, वेळ होईल. मी ऐकलं होतं रे. ऐकून उतरलो."

आकाराम हसला. "तिचं काय मनावर घेताय, सायेब. म्हातारीला सभेतलं काय कळतंय."

जिनदत्त अपिलाचं कोरं वकीलपत्र घेऊन आला. तात्यासाहेबांना महिनाभर दिल्ली, मग कलकत्ता. त्यांनी खिशातलं पेन काढलं, जिनदत्ताचं नाव पुरं लिहिलं, आपलं लिहिलं नाही, आणि कागद आकारामपुढं धरला. शिपायानं शाईची डबी उघडली.

आकारामला अक्षर वाचता येत नव्हतं. अंगठा शाईत बुडवून तो थांबला. "तुमचं एकट्याचंच नाव हाय न्हवं, सायेब?"

जिनदत्तानं मान खाली घातली.

"हो," तात्यासाहेब म्हणाले.

आकारामनं अंगठा नीट दाबून उठवला. मग बेडीसकट दोन्ही हात वर नेऊन शाई डोक्याच्या केसांना पुसली, आणि शिपायाबरोबर चालू लागला.