पडद्यावर झाड होतं

उत्तर युगांडातल्या कितगुमच्या बाजारात तीळ-शेंगदाणे वाटून केलेली ओदी विकणाऱ्या पाच बायका आहेत. त्यातल्या चौघी तीळ कमी घालतात.

*

बेपत्ता माणसाची जमीन वाटता येत नाही. मेलेल्याची येते.

*

परदेशी सिनेमाचा आवाज बारीक करून, माईक हातात घेऊन, पडद्यावरचा प्रत्येक जण काय बोलतो ते आचोलीत, म्हणजे इथल्या बोलीत, सांगणाऱ्याला व्हीजे म्हणतात. दोन गोष्टी व्हीजेला चालत नाहीत. एक, पडद्यावर कुणी बिननावाचं राहणं. दुसरी, शांतता.

*

"सोळा वर्षं झाली, वहिनी. आता तरी त्याच्या मर्तिकाचा बोकड कापू दे."

"काप की. तुझा बोकड, तुझं पोट. माझ्या पोराच्या नावानं नको."

*

कालव्यापलीकडच्या शाळेच्या भिंतीला अजून गोळ्यांची भोकं आहेत. पोरं त्यात खडू ठेवतात.

*

ओदी विकणाऱ्या पाचवीला सगळा बाजार ओयातची आई म्हणायचा. किडेगा तेवढा मावशी म्हणायचा. त्यानं ओयातचं नाव तोंडात येऊच दिलं नव्हतं.

ओयात आणि किडेगा एकाच गावचे. एका सकाळी रानातल्या बंडखोरांनी दोघांना एकाच दोरीला बांधून नेलं. चार वर्षांनी किडेगा परत आला, एकटा. ओयातच्या आईनं त्याला पाणी दिलं, तो प्यायला, आणि तिनं विचारायच्या आधीच म्हणाला, "नदीपाशी आमची ताटातूट झाली. तेव्हा तो चालत होता."

या एका वाक्यावर तिचं शेत उभं होतं. लढाई थांबली, निर्वासितांच्या छावण्या उठल्या, लोक गावी परतले, तेव्हा बांध कुणालाच सापडेनात. नवरा गेलेला. शेत मुलाचं, आणि मुलगा नसेल तर दिराचं. तिचा दीर ओबालिम दर वर्षी पेरणीआधी कुळातल्या म्हाताऱ्यांना गोळा करायचा. म्हातारे किडेगाला बोलवायचे. किडेगा म्हणायचा, "तेव्हा तो चालत होता." म्हातारे म्हणायचे, मग पेरू दे तिला. ती पेरायची.

तोवर किडेगा कितगुममधला एक नंबरचा व्हीजे झाला होता. गोऱ्या जनरलांना तो बाजारातल्या खाटकांची नावं द्यायचा. रणगाड्याला म्हणायचा, आला बघा मामलेदाराचा बैल. व्हिडिओ हॉलच्या बाहेर खांबावर कर्णा होता, बाजाराकडे तोंड केलेला. आत येणं ज्यांना परवडत नाही ते भाजी निवडता निवडता नुसती लढाई ऐकायचे.

मंगळवारी कंपालाहून नवी तबकडी आली. लढाईचाच सिनेमा, पण या खेपेला गोरे नव्हते. कुठलंसं जंगल, हातात बंदुका दिलेली काळी पोरं, भाषा हॉलमालकाला कळेना, किडेगालाही कळेना. मालक म्हणाला, "बक्षीस मिळालंय म्हणे. युद्ध किती वाईट ते दाखवलंय."

"लोकांना माहीत नाही का?"

"तू बोल रे, विचार करू नकोस."

किडेगानं सकाळी आल्याचा चहा पीत सिनेमा एकदा पाहून घेतला आणि विनोदाच्या जागा कागदावर टिपल्या. मध्ये एक प्रसंग होता. पोरांना गोलात उभं करतात, हातात काठ्या देतात. मधोमध पळून जाताना धरलेला पोरगा. अधिकारी काहीतरी ओरडतो, आणि कॅमेरा वर जातो. वर मोठं झाड. पांढरे पक्षी. व्हायोलिन. चांगलं दीड मिनिट. किडेगानं लिहिलं: झाड – पक्षी म्हणजे खासदार, भत्ता घ्यायला कंपालाला निघालेत.

दुपारच्या खेळाला हॉल भरला. अधिकाऱ्याचं नाव त्यानं कर्नल पोशो ठेवलं, कारण चेहरा पोशोसारखा, मक्याच्या उकडीसारखा, फुगलेला होता.

"व्हीजे, हा तर आमचा हेडमास्तर!" कुणी ओरडलं.

"हेडमास्तरच आहे. फी भरली नाहीस ना? शोधत आलाय."

हशा झाला. गोल झाला. काठ्या वाटल्या. मधल्या पोराला नाव हवं होतं. किडेगाच्या ओठावर दुसरंच एक नाव तयार होतं, पण माईकमधून आलं ते ओयात.

कॅमेरा वर गेला. पडद्यावर झाड. आवाज बारीक केलेला, त्यामुळे व्हायोलिनही नाही. काहीच नाही.

"व्हीजे, झोपलास का रे?"

किडेगा बोलायला लागला.

"ओयात म्हणतो, थांबा. म्हणतो, आधी स्वेटर काढू द्या, आईनं उसना आणलाय, ती ओरडेल. कर्नल म्हणतो, चला. पहिला पोरगा मारतो. दुसरा मारतो. आता तिसरा. तिसऱ्याची काठी ओली आहे, हातातून सटकते. कर्नल म्हणतो, हळू मारलंस तर पुढचा तूच. ओयात तिसऱ्याकडे बघतो. म्हणतो, किडेगा, डोक्यात मार, लवकर होईल."

पुढच्या बाकावर एक जण हसला, सवयीनं. मग तोही थांबला. पडद्यावर पक्षी उडाले, पुन्हा येऊन बसले.

"तिसरा मारतो," किडेगा म्हणाला. "लवकर होत नाही."

कर्णा बाहेर होता. दार उघडलं तेव्हा ऊन पडद्यावर पडलं आणि झाड पुसलं गेलं. दारात ओयातची आई, कोपरापर्यंत ओदीचं तेल. तिच्यामागे ओबालिम, त्याच्यामागे अर्धा बाजार.

"काय काय दाखवतात बाई हल्ली सिनेमात," ती मोठ्यानं म्हणाली.

"वहिनी, सिनेमातल्या पोराला किडेगाचं नाव कसं माहीत?"

"व्हीजे सगळ्यांनाच नावं देतो. गेल्या आठवड्यात तुझं गाढवाला दिलं होतं. तेव्हा तू रेकला नाहीस."

लोक हसले. त्यांना हसायला मिळालं याचंच बरं वाटलं. ती किडेगाकडे वळली. "सांग ह्यांना. सिनेमातलं होतं ना?"

"हो मावशी. सिनेमातलं."

ती जवळ आली, जणू माईकची वायर सरळ करायला. तेलकट हातानं त्याचं मनगट धरलं आणि तिथल्या कुणालाही ऐकू जाणार नाही अशा आवाजात विचारलं, "काढू दिला का?"

"नाही."

तिनं मान हलवली आणि गेली. टोपलीपाशी बसून उरलेली ओदी विकली.

*

गुरुवारी म्हातारे आले. नेहमीसारखे आंब्याखाली बसले नाहीत, थेट हॉलमध्ये आले. पाच जण, टोप्या मांडीवर. सगळ्यात वयस्कर ओलान्या बाबा म्हणाले, "ही म्हणते सिनेमातलं आहे. तर सिनेमा लावा. किडेगा, तू बोलायचं नाहीस. त्यांनाच बोलू दे."

मालकानं आवाज पूर्ण सोडला. गोल आला. काठ्या आल्या. मधला पोरगा त्या न कळणाऱ्या भाषेत एकच शब्द बोलला. अंगात त्याच्या काहीच नव्हतं, उघडाच होता. मग झाड.

"हे काय वाजतंय?" ओलान्या बाबांनी विचारलं.

"व्हायोलिन, बाबा."

"कशाला?"

किडेगानं पडद्यावरच्या झाडाकडे बोट केलं.

"पोरगा कुठे गेला?"

"झाडाखाली आहे."

"मग झाडाखाली का नाही दाखवत?"

"बघवत नाही म्हणून."

"कुणाला?"

पक्षी उडाले. म्हाताऱ्यांनी तो भाग पुन्हा लावायला सांगितला. ओयातची आई पडद्याच्या अगदी जवळ जाऊन बसली होती आणि झाडाकडे नाही, पडद्याच्या खालच्या कडेकडे बघत होती. तिसऱ्यांदा झाल्यावर ओलान्या बाबांनी टोपी डोक्यावर घातली.

"ओयातच्या आई, यात स्वेटर नाही."

"बाबा, माझं नीट बघून झालं नाही. एकदा लावा."

मालकानं ओलान्या बाबांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. त्यानं लावलं. झाड आलं, गेलं.

"किडेगा," मग ओलान्या बाबा म्हणाले, "नदीपाशी तो चालत होता?"

किडेगानं तिच्याकडे पाहिलं. ती अजून पडद्याकडेच तोंड करून होती, आणि पडदा आता नुसता पांढरा होता. तो चालत होता म्हणायचं, तीन शब्द, दर वर्षी म्हटलेले. त्यानं तोंड उघडलं. आवाज आला नाही.

तेवढं पुरलं.

*

शेत ओबालिमला गेलं. तिला झोपडी आणि वारुळामागची पट्टी, तीळ येत नाही अशी. ओबालिमनं बोकड कापला. पुरायला काही नव्हतं, म्हणून खड्डा खणला आणि तसाच बुजवला. किडेगा लांब उभा होता. कुणी त्याला हाकललं नाही, कुणी बस म्हटलं नाही. जेवणं झाल्यावर तो तिच्यापुढे जाऊन उभा राहिला.

"मावशी."

"मला सगळे काय म्हणतात?"

त्यानं तिच्या पुढ्यातलं पातेलं बाजूला सरकवलं.

"म्हण ना. की माईक आणू?"

त्यानं प्रयत्न केला. तिनं वाट पाहिली, मग पातेली घासायला घेतली.

*

तो सिनेमा त्या मोसमात सगळ्यात जास्त चालला. आजूबाजूच्या गावांतून लोक सायकलवर बसून यायचे. "तो झाडाचा भाग तसाच कर," मालक म्हणाला, "अगदी शब्दन् शब्द." किडेगानं बाकीचा सिनेमा पहिल्यासारखाच केला, कर्नल पोशोसकट. झाड आलं की माईक मांडीवर ठेवायचा. पहिल्या दिवशी लोकांनी वाट पाहिली. दुसऱ्या दिवशी मक्याची बुरकुंडं फेकली. तिसऱ्या दिवशी मालकानं गुलूहून दुसरा व्हीजे आणला. त्याला किडेगाचा कागद सापडला. खासदार आणि भत्त्याचा विनोद त्यानं झाडावर केला, आणि हॉल खदखदून हसला.

बाजारात ओदी विकणाऱ्या आता चौघी आहेत.

नेलं त्या सकाळी ओयात अकरा वर्षांचा होता आणि किडेगा नऊ.